घरातली अनाउन्समेंट

शनिवार, १० जानेवारी २००४

नाही! तृप्तीला तो आजार नाही! अडीच वर्षं ज्याच्या गोळ्या पोरीच्या घशाखाली उतरवतेय तो आजार तिला नाहीच — कधी नव्हताच!

आधी चहा करते.

केला, प्यायले. आता नीट लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही.

डॉक्टरांचं नाव नूरबानो अन्सारी. मूळच्या मालेगावच्या, घरी यंत्रमाग. मुंबईला शिकल्या, आता महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कॉलेज रोडला बसतात. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एका शाळेतल्या बाईंनी नाव सांगितलं. वयाने माझ्याहून लहान, आवाज भांडखोर. बघताक्षणी आवडल्या. भांडखोर माणसं मला आवडतातच.

पावणेदोन तास घेतले त्यांनी. मोठ्या डॉक्टरांनी २००१ च्या ऑगस्टमध्ये सात मिनिटांत निकाल लावला होता. आणि तेव्हा मी आत नव्हतेच. नव्या जागी तृप्ती एकाच माणसाबरोबर आत जाते. दोघं असली की दारातच बसकण मारते. त्या दिवशी तिने यांचा हात धरला. मी बाहेर बाकावर, चपला सांभाळत. हे बाहेर आले ते चिठ्ठी घेऊनच. "स्किझोफ्रेनिया म्हणतात." बस्स. आत काय बोलणं झालं ते आजतागायत सांगितलेलं नाही.

आज मात्र हात माझा धरला होता. आणि मी बोलले! पोटभर बोलले. तीन वर्षांची असताना माझ्या डब्यातली बटणं रांगेत लावायची, त्यातलं एक हललं की घर डोक्यावर घ्यायची. पाणी हवं असलं की मलाच विचारायची, "तृप्तीला पाणी हवंय का?" मिक्सर लावला की कानावर हात. कुणी जवळ घेतलं की अंग लाकूड. पण शिलाई मशीन जीव की प्राण — टेबलाला कान लावून तासन्‌तास बसायची. आणि ते बोलणं. हे एसटीत वाहतूक नियंत्रक, दिवसभर स्टँडवर माईकसमोर. यांच्या सगळ्या अनाउन्समेंट तृप्ती घरात म्हणायची, हुबेहूब यांच्या आवाजात. वर भाजीवाल्याची आरोळी, खालच्या बिऱ्हाडातलं भांडण, माझी गिऱ्हाइकं. सगळा गाव एका तोंडात.

डॉक्टर थांबल्या. "हे सगळे आवाज खऱ्या माणसांचे?"

"हो."

"ही माणसं तिला दिसतात, तिच्याशी बोलतात, असं ती कधी म्हणाली?"

"कधीच नाही."

"मग, ताई, भास कसले? कानावर पडलं ते जसंच्या तसं बाहेर येतं तिचं. वो तो उसकी बोली है! ती तिच्या बोलीत बोलत होती आणि आपण गोळ्या देऊन तिला गप्प केलं."

"आपण" म्हणाल्या. "तुम्ही" नाही म्हणाल्या. तिथे मला रडू फुटलं.

याला ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता. जन्मापासूनचं असतं. मी विचारलं, "म्हणजे ही अशीच राहणार?" त्या म्हणाल्या, "अशीच! पण आता समोर बसलीय ती 'अशी' नव्हे. ही लाळ, हे थरथरणारे हात, हे गोळ्यांचं काम आहे. तुमची मुलगी अजून यायचीय."

तुमची मुलगी अजून यायचीय! घरी येईपर्यंत रिक्षात हेच वाक्य घोळवत होते.

गोळ्या एकदम बंद नाही करायच्या, धोका असतो. दर थोड्या दिवसांनी थोडी कमी. झोप, वजन, खाणं सगळं वहीत लिहून न्यायचं. ती वही वेगळी केली. त्यात "झोप अकरा तास" असलं लिहीन. बाकीचं इथे.

रविवार, ११ जानेवारी

काल हे ड्यूटीवरून आल्या आल्या सांगितलं. अक्षरशः नाचत सांगितलं. हे म्हणाले, "बरं."

बरं! पोरीला जन्मठेपेतून सोडवून आणली आणि बाप म्हणतो, बरं! स्टँडवर घसा फोडतात आणि उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. गेली अडीच वर्षं हेच. पूर्वी असे नव्हते हो. पूर्वी जेवताना दोघांची जुगलबंदी चालायची. यांनी म्हणायचं, "कळवण!" की ती, "फलाट क्रमांक सहा!" भात गार व्हायचा, मी ओरडायचे. आता नुसती वाटी-चमच्याची आपटाआपट ऐकायची.

मला कळतं काय आहे ते. लाज वाटते यांना. स्टँडवर सगळ्यांना ठाऊक झालं ना, साहेबांच्या मुलीला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत.

आज सकाळी दाढी करता करता शेवटी बोलले. "गोळ्या कमी करायला माझी ना नाही. पण ते बोलणं पुन्हा सुरू झालं, तर परत मोठ्या डॉक्टरांकडे. शब्द दे."

आणि मी दिला! आनंदाच्या भरात देऊन बसले. गाढव आहे मी गाढव. ते बोलणं पुन्हा सुरू व्हावं म्हणून तर हा सगळा खटाटोप!

रविवार, २५ जानेवारी

गोळीचा पहिला चतकोर कमी झाला. ब्लेडने कापते. फरक — शून्य. झोपते, उठते, खाते, झोपते. सोळा किलो वजन चढलंय पोरीचं.

सुलाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, घर लय गप हाय वो. आधी पोरगी कशी गाड्या सोडायची!" सुलाबाई पेठकडच्या. एकदा तृप्ती यांच्या आवाजात "गाडीत सामान विसरू नये" म्हणाली आणि त्याच क्षणी सुलाबाईंना आठवलं, पिशवी गाडीतच राहिली! धावत गेल्या, मिळाली. तेव्हापासून तृप्तीच्या अंगात वणीची देवी आहे अशी बाईंची खात्री. मी किती सांगितलं. "तुमी नका सांगू ताई, पिशवी माझी सापडली."

शनिवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. आणखी चतकोर कमी. म्हणाल्या, "तुम्ही बोला की तिच्या बोलीत. तिने सुरुवात करावी असं थोडंच आहे?"

घरी आल्यावर दार लावलं, पोळपाटाशेजारी उभी राहिले, लाटणं तोंडापुढे धरलं आणि सुरू केलं — "प्रवाशांनी इकडे लक्ष द्या! नाशिक-पेठ-सुरगाणा जाणारी गाडी..." माझा आवाज! शाळेत प्रार्थनेलासुद्धा मला मागच्या रांगेत उभं करायचे.

तृप्तीने दोन्ही कानांवर हात ठेवले!

अडीच वर्षांत प्रथमच. पूर्वीसारखे, तळवे गच्च दाबून, कपाळाला आठ्या घालून! आईचं गाणं आवडलं नाही म्हणून आनंदाने रडलेली बाई त्रिभुवनात मी एकटीच असेन. शिरा केला.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सुईत दोरा ओवला! एका झटक्यात. मी मुद्दाम बघितलंच नाही तिच्याकडे, हेमिंग करत बसले. मग तिने माझ्या ढिगातला ब्लाऊज ओढला आणि हुक लावायला लागली. आठ हुक. सगळे सारख्या अंतरावर, पट्टीने मोजल्यासारखे. मला वीस वर्षांत जमलं नाही ते.

शनिवार, २० मार्च

उद्या पाडवा, म्हणून चांदवडहून वत्सलावन्सं आल्या आहेत — यांची मोठी बहीण. येताना अर्धं पोतं कांदे आणि एक पोतं सल्ले. कांदे चांगले आहेत.

तृप्ती खिडकीत बसून पुढेमागे डुलत होती. हे डुलणंही परत आलंय, मला बघून बरं वाटतं. वन्संना बघवेना. "मोहिनी, पंधरा-सोळाची घोडी झाली. धुळ्याकडे एक आश्रम आहे, अशा मुलींना ठेवून घेतात. तुझ्या डोक्याचा ताप जाईल."

मी म्हटलं, "वन्सं, ताप माझ्या डोक्याचा आहे ना? मला तो गोड आहे."

वन्सं यांच्याकडे वळल्या. "दिन्या, तू तरी सांग हिला." हे खाली बघून पोळी मोडत होते. म्हणाले, "ती इथेच राहील." आणि उठून हात धुवायला गेले.

तेवढं एक बोलले. गुण द्यायचे तिथे द्यावेत.

बुधवार, ७ एप्रिल

बोलली.

पण काय बोलली!

सकाळी हे ड्यूटीवर गेलेले. सुलाबाई मोरीत, मी मशीनवर. लग्नसराई आहे, मान वर करायला फुरसत नाही. तृप्ती जिन्याच्या दारात उभी. आणि एकदम जाड, खोकल्याने पिकलेला म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज — "ए सुले! चल गं! गाडी जाईल ना!"

मोरीत पातेलं पडलं.

सुलाबाईंचे यजमान होते ते. वाळूबाबा. रोज जिन्याखाली उभे राहून अशीच हाक मारायचे. दोन वर्षांपूर्वी गेले ते. खोकला, अधूनमधूनचं थुंकणं, "सुले" मधला तो लाड — सगळं आलं पोरीच्या तोंडून. मी घाबरले, म्हटलं आता बाई कोसळतात. सुलाबाई राखेच्या हातांनी दारात आल्या, तृप्तीसमोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "आले वो. आले."

मग रडल्या. मग हसायला लागल्या. "मेला कसा वरडायचा बघा! माणूस गेला तवा फोटूबी नव्हता घरात. आन् आवाज इथं ठेवला होता व्हय!" पदराने डोळे पुसून तृप्तीला म्हणाल्या, "बाय, अजून एक डाव बोल."

तृप्ती बोलली नाही. तिला सांगून बोलता येत नाही. पण हसली. खाली बघून, गालातल्या गालात, बोटं हवेत फडफडवत. तो हसरा चेहरा मी विसरलेच होते की काय असं वाटलं.

मीही बसले फरशीवर. तिघी बसलो. मास्तरीणबाईंचा ब्लाऊज आज द्यायचा होता, राहिला.

यांना काही सांगितलं नाही. सुलाबाईंनाही सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलू? देवीचं काम."

सोमवार, १२ एप्रिल

चोरीचा मामला! हे घरी असले आणि तृप्तीचा घसा खाकरला की मी मशीनचं पायडल मारते. रिकामंच. काल तिने न्हाणीघरात भाजीवाल्याची आरोळी दिली तेव्हा मी रेडिओ इतका मोठा केला की खालचे वर आले. यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आज रविवार नाही हे बरं.

शनिवार, २४ एप्रिल

डॉक्टर खूश. वजन पाच किलो उतरलं. "घरचे काय म्हणतात?" म्हणून विचारलं. मी शब्दाचं सांगून टाकलं. कपाळावर हात मारला त्यांनी. "ताई, असा शब्द द्यायचा असतो? त्यांना एकदा घेऊन या."

यांना विचारलं. "ड्यूटी आहे" म्हणाले. नेहमीचंच. पोरीचा विषय निघाला की यांची ड्यूटी लागते.

गुरुवार, ६ मे

आज लागली! गाडी लागली!

दुपारी दोन. लाइट गेलेले, सगळं चिडीचूप. मी वारा घेत पडले होते. तृप्ती खिडकीत. आणि यांचा आवाज! हल्लीचा थकलेला नव्हे — पूर्वीचा, खणखणीत, माईकमधून येतो तसा खरखर करणारा — "प्रवाशांनी इकडे लक्ष द्या. नाशिक-पेठ-सुरगाणा जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये. वाहकास सहकार्य करावे."

मग कळवण. मग सटाणा. मग घोटीमार्गे इगतपुरी. एकामागून एक एकवीस गाड्या सोडल्या पोरीने! मी मोजल्या. प्रत्येक गाडीनंतर हात फडफडवायची आणि चवड्यांवर उंच व्हायची. अंगात नुसता आनंद मावत नव्हता तिच्या.

मला काय करावं कळेना. उठून तिच्याशेजारी उभी राहिले. हात धरायचा मोह झाला, धरला नाही. तिला नाही आवडत. तिनेच कोपर माझ्या दंडाला टेकवलं. एवढंच. पण पाच मिनिटं तसंच ठेवलं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी अजून यायचीय. आली हो. एकवीस गाड्या भरून आली.

पण यांना आज ना उद्या कळणार. माझा शब्द. मोठे डॉक्टर. पुन्हा त्या गोळ्या.

रविवार, ९ मे

आज हे दिवसभर घरी. तृप्तीही दिवसभर गप्प. लेकीला कळतं की काय सगळं? की यांच्यासमोर बोलायचंच नाही असं तिने ठरवलंय?

शनिवार, १२ जून

आता फक्त चतकोर गोळी उरली, तीसुद्धा दोन आठवड्यांची. तृप्ती सकाळी सातला आपणहून उठते. दिवसाला सहा ब्लाऊजना हुक लावते. गिऱ्हाइकं विचारतात, नवीन कारागीर ठेवला का? मी म्हणते, हो, फार नखरेल आहे, मिक्सर लावलेला चालत नाही तिला.

फुलका फुगला की टाळ्या वाजवते. काल मी मुद्दाम अकरा फुलके जास्त केले.

शनिवार, २६ जून

आज गोळी बंद झाली आणि आजच सगळं घालवलं मी. क्रमाने लिहिते.

डॉक्टरांनी सकाळी रिकामी बाटली माझ्याकडून घेतली आणि केराच्या टोपलीत टाकली. "मुबारक हो!" पेढा दिला. तृप्तीने हुंगला आणि खाल्ला. मी अशी तरंगत होते की अक्कल गहाण पडली. म्हटलं रिक्षा कशाला, आज पोरीला बसने नेऊ, पंचवटीची गाडी स्टँडवरून मिळेल. तीन वर्षांत तिला स्टँडवर नेलं नव्हतं. यांनीच मनाई केली होती. पण यांना आज दुसरी पाळी, तीन वाजता यायचे. आत्ता तर बारा वाजलेत, असा माझा हिशोब.

पाळी बदलली होती. मला कोण सांगतो!

स्टँडमध्ये पाऊल टाकलं आणि तृप्ती थांबली. डिझेलचा वास छातीभर घेतला. बाकांच्या मधोमध उभी राहिली, चवड्यांवर उंच झाली आणि — यांचा आवाज! भर स्टँडमध्ये, माईकशिवाय, पण खुद्द माईकलाही लाजवेल असा! "नाशिक-पेठ-सुरगाणा जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे!"

आणि लोक उठले की हो! कोण बोललं हे बघायला वेळ कुणाला? चाळीस-पन्नास माणसं — बोचकी, पोरं, कोंबड्यांच्या डालग्या, खताची गोणी — सगळी चारकडे पळाली. पण गेल्या वर्षी सिंहस्थात फलाट बदलले, ते बदललेच. पेठ आता अकरावर लागते. चारवर पुण्याची गाडी मागे येत होती. कंडक्टर शिट्टी मारतोय, पेठवाले पुण्याच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकतायत, पुण्याचे लोक भांडतायत! आणि तिकडे अकरावरून खरी पेठची गाडी चार माणसं घेऊन निघून गेली. तृप्ती आपली खुशीत कळवण सोडतेय.

केबिनचं दार उघडलं आणि हे बाहेर आले.

तिथेच थांबले. तृप्तीकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक. तिने यांना बघितलं आणि एकदम गप्प झाली. आगारातले साहेब ओरडत आले, "कोण आहे ही मुलगी?" हे म्हणाले, "माझी." मग आत गेले, माईकवरून लोकांना अकरावर जायला सांगितलं, दुसरी गाडी काढायला लावली. आवाज फुटत होता यांचा. सुरगाण्याच्या एक आजीबाई जाता जाता तृप्तीला म्हणाल्या, "पोरी, आवाज बेस हाय तुझा. गाडी तेवढी चुकली." मला हसू आलं! अशा वेळीसुद्धा! माझ्या हसण्याला जागा-वेळ नाही.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले. "कधीपासून बोलतेय?"

"एप्रिलपासून."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

"सोमवारी संध्याकाळी पाच. मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लावतो."

रविवार, २७ जून

भांडले. आयुष्यात भांडले नाही इतकी भांडले. म्हटलं, तुम्हाला लोक काय म्हणतील याची पडलीय, पोरीची नाही. म्हटलं, तुम्हाला मुकी मुलगी परवडते, बोलणारी नाही. म्हटलं, बाप आहात की वाहतूक नियंत्रक? बोलताना जीभ अडखळली नाही माझी, आता लिहिताना अडखळतेय. हे एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. भिंतीशी भांडले असते तर भिंतीचा गिलावा तरी पडला असता.

पण ठरलं माझं. उद्या पाच वाजता मी दाराला आतून कडी घालणार. तृप्तीला घेऊन कुणी जाऊन दाखवावं.

सोमवार, २८ जून

सकाळी सात. हे बूट घालत होते. तृप्ती पोहे खात होती, शेंगदाणे बाजूला काढत. आणि ताटलीकडे बघतच बोलायला लागली. मोठ्या डॉक्टरांचा आवाज — "एकटी असताना कुणाशी बोलते?" मग यांचा, खालच्या पट्टीतला — "माझ्याशी, साहेब. मी घरी नसलो तरी माझ्याच आवाजात. लहानपणी मीच मांडीवर घेऊन माईकपाशी बसवायचो तिला. माझ्यामुळे झालं का हो हे?" — "नाकारता येत नाही. घरात तुम्ही तोंड बंद ठेवा. तुमचा आवाज तिच्या कानावर पडता कामा नये." मग रडणं. यांचं. तेही हुबेहूब.

तीन वर्षं. आणि मी काय काय बोलले काल.

हे एक बूट घालून तसेच बसले. तिच्या गोळ्या कशाच्या होत्या, आवाज कुणाचे होते, डॉ. नूरबानो काय म्हणाल्या, सगळं मी जानेवारीत नाचत सांगितलं होतं. "तुमच्यामुळे नाही" एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते आज सांगितलं. दोनदा सांगितलं.

उठले, डबा न घेताच गेले. पाऊण तासाने परत. डब्यासाठी आले असतील म्हणून मी डबा पुढे केला. घेतला नाही.

"तिला चपला घाल," म्हणाले. मोठ्याने म्हणाले, खणखणीत, घरात! "नवे फलाट दाखवून आणतो. पेठ अकरावर गेली हे तिला कुणी सांगितलंच नाही."